खडकीचा निर्माता मलिक अंबर

मोगलांच्या दक्षिणेतील मोहिमांचे वृत्तांत वाचताना बालाघाट हे नाव वारंवार भेटते. कधी बालाघाट जिंकल्याची, कधी तो हातचा गेल्याची, तर कधी तहात तो सोडून दिल्याची नोंद त्यांत आढळते. बैहरच्या वाचकाला हे नाव घरचे वाटावे हे साहजिकच आहे. परंतु तो बालाघाट म्हणजे वऱ्हाड आणि अहमदनगरकडील घाटमाथ्याचा मुलूख होय. सातपुड्याच्या कुशीतील बालाघाट जिल्हा १८६७ मध्ये भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून अस्तित्वात आला. त्याच्या नावाचा अर्थही घाटावरचा प्रदेश असाच असून बैहरच्या पठारामुळे तो सार्थही ठरला आहे. म्हणजे दोहोंत साम्य आहे ते नावाचे आणि भूमीच्या स्वरूपाचे. पण त्या दक्षिणेतील बालाघाटासाठी जो पुरुष पाव शतक मोगलांशी झुंजला, त्याचे चरित्र सातपुड्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या सर्वच मराठी भाषकांनी आवर्जून जाणून घ्यावे असे आहे. हा पुरुष मराठा नव्हता, दक्षिणी नव्हता, किंबहुना हिंदुस्थानातही जन्मलेला नव्हता. तो आफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेला एक हबशी होता. त्याचे नाव मलिक अंबर.

अंबराचा जन्म १५४८ च्या सुमारास इथिओपियात झाला असे मानतात. अरब आणि दक्षिणी लोक त्या देशाला हबसाण म्हणत व तेथील माणसाला हबशी. त्याचे मूळ नाव चापू होते असे सांगतात. बालपणीच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती सापडला. घरच्या दारिद्र्यामुळे आईबापांनीच त्याला विकले असाही उल्लेख मिळतो. तांबड्या समुद्रावरील मोखा बंदरातून त्याला अरबस्तानात नेण्यात आले, आणि एका धन्याकडून दुसऱ्याकडे असा प्रवास करीत तो बगदाद येथील मीर कासीम याच्या घरी आला. या धन्याने मुलाची बुद्धिमत्ता हेरली, त्याला लिहावाचावयास शिकविले, इस्लामची दीक्षा दिली आणि अंबर हे नवे नाव दिले. अंबर हा सुगंधी द्रव्याचा वाचक शब्द असून अशी नावे गुलामांना त्या काळी सर्रास दिली जात. आईबाप, गाव, भाषा, धर्म आणि अखेर नाव, एवढे सारे त्या मुलाकडून एकामागून एक काढून घेतले गेले होते. त्याबदल्यात हाती आले ते अक्षरज्ञान. पुढील आयुष्यात त्याने उभारलेल्या राज्यकारभाराचा पाया या अक्षरज्ञानात होता, हे विसरून चालणार नाही.

१५७० नंतरच्या दशकाच्या आरंभी अंबराला दक्षिणेत आणण्यात आले. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. हा चंगेजखान स्वतःही एके काळचा हबशी गुलाम होता आणि त्याच्या पदरी सुमारे हजार हबशी गुलाम होते. दक्षिणेतील गुलामगिरीचे स्वरूप येथे ध्यानी घेतले पाहिजे. अटलांटिक महासागरापलीकडे आफ्रिकी माणसाला ऊस आणि कापसाच्या मळ्यांत पिढ्यानपिढ्या राबविले गेले. दक्षिणेतील सुलतानांना मात्र तो हवा होता शिपाई म्हणून. येथे त्याला ना गोत होते, ना वतन. ज्याचे मीठ खायचे त्याच्याखेरीज त्याला आधार नव्हता, आणि म्हणूनच दरबारातील इराणी व दक्षिणी सरदारांच्या चुरशीत राजाला तो भरवशाचा वाटे. अशा शिपायाला धन्याच्या मृत्यूनंतर पुष्कळदा मुक्तता मिळे आणि कर्तबगारी असेल तर सरदारकीही मिळे. असे असले तरी या व्यवस्थेला उदार म्हणता येणार नाही. मुलांना मायदेशापासून तोडूनच ती चालत होती. तिच्यात वर चढण्यास वाट होती, एवढाच फरक.

चंगेजखान १५७५ च्या सुमारास दरबारी कारस्थानांना बळी पडला. त्याच्या विधवेने अंबराला मुक्त केले. त्यानंतरची वीसएक वर्षे त्याने दक्षिणेतील दरबारांत, विशेषतः विजापूरकरांकडे, शिपाईगिरीत घालविली. मलिक हा किताब त्याला विजापूरकरांकडून मिळाला असे सांगतात. १५९५ च्या सुमारास तो पुन्हा निजामशाहीत परतला आणि अभंगखान या हबशी सरदाराच्या हाताखाली अवघ्या दीडशे स्वारांचा नायक झाला. त्या वेळी त्याचे वय पन्नाशीकडे झुकले होते. इतरांचे कर्तृत्व जेथे उताराला लागते, तेथून अंबराच्या कर्तृत्वाचा आरंभ होतो.

तो काळ निजामशाहीच्या मरणाचा होता. अकबराच्या फौजांनी १५९५ मध्ये अहमदनगरला वेढा घातला. चांदबिबीने किल्ला शर्थीने लढविला, पण १५९६ च्या तहात वऱ्हाड मोगलांना द्यावा लागला. १६०० मध्ये चांदबिबी आपल्याच लोकांच्या हातून मारली गेली, अहमदनगरचा किल्ला पडला आणि सुलतान कैद झाला. राज्य संपले असे मोगलांना वाटले. परंतु किल्ला पडला म्हणजे मुलूख जिंकला असे होत नाही, हे अंबराने ओळखले होते. विखुरलेले शिपाई आणि लुटालुटीवर जगणारे स्वार त्याने आपल्या निशाणाखाली जमविले, राजवंशातील एका तरुणाला दुसरा मुर्तजा निजामशहा म्हणून परांड्यास गादीवर बसविले, आपली कन्या त्याला दिली आणि वजिरी स्वतःकडे घेतली. राजू दखनी हा तितकाच समर्थ प्रतिस्पर्धी काही वर्षे वाटेत उभा होता. त्याचाही अंबराने १६०७ च्या सुमारास पाडाव केला. राजधानी परांड्याहून जुन्नरला आणि पुढे दौलताबादेस आली. १६१० मध्ये तर अहमदनगरचा किल्लाही त्याने मोगलांकडून परत मिळविला. विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याने त्या सुमारास केलेल्या नोंदीनुसार त्याच्या सैन्यात दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दक्षिणी होते. दीडशे स्वारांपासून येथवरची मजल त्याने पंधरा वर्षांत मारली होती.

या चाळीस हजारांत मराठ्यांचा भरणा मोठा होता, आणि येथेच अंबराचे चरित्र मराठ्यांच्या इतिहासाशी जोडले जाते. मोगलांचे सैन्य अवजड होते. तोफा, हत्ती, बाजारबुणगे आणि डेरेदांडे यांसह ते सावकाश चाले. समोरासमोरच्या लढाईत त्याला हरविणे कठीण, परंतु डोंगराळ मुलखात त्याला उपाशी ठेवणे सोपे. अंबराने मराठी घोडदळाच्या चपळाईचा उपयोग नेमका याच कामी केला. रसद तोडावी, चारा जाळावा, रात्री छापे घालावेत, शत्रू अंगावर आला की पांगावे आणि तो वळला की पिच्छा पुरवावा, ही ती रीत होय. मराठी माणसाला ती गनिमी कावा या नावाने परिचित आहे. तिचा आद्य जनक अंबरच असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, कारण सह्याद्रीच्या स्वारांच्या अंगी ती आधीपासूनच होती. पण एका राज्याचे युद्धधोरण म्हणून ती सातत्याने वापरली ती अंबराने. भोसल्यांच्या घराण्यातील मालोजी, विठोजी आणि त्यानंतर शहाजीराजे हे याच निजामशाहीत नावारूपास आले.

जहांगीर बादशहाला हा शत्रू अतिशय झोंबला. आपल्या आत्मवृत्तात त्याने अंबराचा उल्लेख शिवीगाळीवाचून क्वचितच केला असून त्याच्या काळ्या वर्णाचाही उपहास केला आहे. १६१६ च्या सुमारास अबुल हसन या चित्रकाराने बादशहासाठी एक चित्र रंगविले. त्यात पृथ्वीच्या गोलावर उभा असलेला जहांगीर भाल्याच्या टोकावरील अंबराच्या शिरावर बाण सोडीत आहे. डब्लिन येथील चेस्टर बीटी संग्रहालयात हे चित्र जपून ठेवलेले आहे. प्रत्यक्षात जहांगीर आणि अंबर यांची रणांगणावर कधीच गाठ पडली नाही आणि ते शिर बादशहाच्या हाती कधीही लागले नाही. जे तलवारीला साधले नाही ते कुंचल्याकडून साधून घेतले गेले. पराभूताचा एवढा नेटका पुरावा विजयी म्हणविणाऱ्याने क्वचितच मागे ठेवला असेल.

अर्थात अंबराच्या वाट्याला पराभवही आले. काही मराठा सरदार फुटून मोगलांना मिळाले आणि १६१६ मध्ये जालन्याजवळील रोशनगावच्या लढाईत त्याचा मोड झाला. मोगलांनी त्याची राजधानी खडकी जाळून उद्ध्वस्त केली. पुढच्याच वर्षी शहाजादा खुर्रम याच्याशी तह करून अहमदनगरचा किल्ला आणि बालाघाटचा मुलूख त्याला सोडून द्यावा लागला. पण तह हा त्याच्या दृष्टीने श्वास घेण्यापुरता विसावा असे. तीन वर्षांच्या आत त्याने गमावलेला बराच मुलूख परत घेतला आणि मोगलांचे दक्षिणेतील ठाणे असलेल्या, म्हणजे आजच्या मध्यप्रदेशातील, बऱ्हाणपुरापर्यंत धडक मारली.

जळालेली खडकी त्याने पुन्हा उभी केली. हे नगर त्याने १६१० मध्ये दौलताबादेपासून जवळच वसविले होते. नावाप्रमाणेच जागा खडकाळ आणि पाण्याची वानवा. तेथे राजधानी वसविण्याचा बेत अनेकांना वेडेपणाचा वाटला असल्यास नवल नाही. अंबराने उत्तरेकडील डोंगरांतून झिरपणारे पाणी जमिनीखालील बांधीव नळांनी शहरात आणले. ठराविक अंतरावर हवेसाठी आणि सफाईसाठी उच्छ्वास ठेवले, उताराचा नेमका अंदाज घेतला आणि कोणत्याही यंत्राच्या साहाय्यावाचून केवळ भूमीच्या ढाळाने हे पाणी हौदांपर्यंत पोहोचविले. हीच ती नहर-ए-अंबरी. शहराचे नाव त्याच्या पुत्राने फत्तेनगर केले, औरंगजेबाने १६५३ मध्ये औरंगाबाद केले आणि २०२३ मध्ये ते छत्रपती संभाजीनगर झाले. नावे पालटत गेली, पण अंबराच्या नहरीने शेकडो वर्षे त्या शहराची तहान भागविली. १६१२ मध्ये मोगलांवरील विजयाप्रीत्यर्थ त्याने उभारलेला भडकल दरवाजाही तेथे उभा आहे.

नहरीइतकीच त्याची जमीनमहसुलाची व्यवस्था टिकाऊ ठरली. त्यापूर्वी गावाचा वसूल मक्त्याने देण्याची चाल होती. मक्तेदार सरकारात ठरलेली रक्कम भरी आणि रयतेकडून वाटेल तितके उकळी. अंबराने ही इजाऱ्याची चाल मोडली. वसुलीचे काम हिशेबात वाकबगार ब्राह्मण कारकुनांकडे देऊन त्यांच्यावर मुसलमान अंमलदारांची देखरेख ठेवली. पाटील-कुलकर्ण्यांची जुनी ग्रामसंस्था सावरली, जमिनीचा कस आणि प्रत्यक्ष पीक पाहून सारा ठरविला. आरंभी हा सारा धान्यरूपाने पिकाच्या दोनपंचमांश इतका घेतला जाई. पुढे काही हंगामांच्या अनुभवानंतर त्याचे नगदीत रूपांतर केले गेले आणि तो सुमारे एकतृतीयांशावर आला, असे परंपरा सांगते. सतत युद्धाच्या वणव्यात असलेल्या मुलखात शेतकरी जमीन सोडून पळाला तर ना रसद उरते ना राज्य, हे या वृद्ध वजिराला कळत होते. दादोजी कोंडदेवांनी पुणे प्रांतात केलेल्या बंदोबस्ताला आणि पुढे स्वराज्याच्या महसूलपद्धतीला अंबराच्या या घडीचा पाया लाभला, असे इतिहासकारांनी नमूद केले आहे. ज्याच्या मालकीची मायदेशात वीतभर जमीन नव्हती, त्याने परमुलखातील कुणब्याला त्याच्या जमिनीवर स्थिर केले.

अंबराच्या पराक्रमाचा कळस म्हणजे १६२४ मधील भातवडीची लढाई. मोगल आणि विजापूरकर या दोन प्रबळ सत्ता त्याच्याविरुद्ध एक झाल्या. त्या वेळी त्याचे वय पंचाहत्तरीच्या घरात होते. अहमदनगरजवळच्या भातवडी गावी त्याने तळ दिला, तेथील तलावाचे पाणी सोडून शत्रूच्या वाटेवर चिखल माजविला, पावसाची जोड मिळताच रसद तोडली आणि रात्रीच्या छाप्यांनी दोन्ही फौजा जेरीस आणल्या. अखेरच्या हल्ल्यात विजापूरचा सेनापती मुल्ला मुहम्मद लारी मारला गेला आणि अनेक मोगल सरदार कैद झाले. शहाजीराजांच्या रणकौशल्याची कीर्ती याच लढाईने झाली; त्यांचे बंधू शरीफजी याच लढाईत धारातीर्थी पडले. परमानंदाच्या शिवभारतात या युद्धाचे वर्णन असून अंबराच्या शौर्याचा तेथे गौरव केला आहे. शिवछत्रपतींचे चरित्र सांगू निघालेल्या कवीला एका हबशी वजिराचा आदर करावासा वाटला, ही गोष्ट लक्षणीय होय.

तथापि, अंबराच्या चरित्राला काळी बाजूही आहे आणि ती झाकून त्याचा गौरव होणार नाही. पीटर फान डेन ब्रुके हा डच व्यापारी १६१७ मध्ये त्याला भेटला होता. त्याच्या वृत्तांतानुसार, सुलतानाच्या इराणी बेगमेने अंबराच्या कन्येला गुलामाची पोर म्हणून हिणविले आणि त्यानंतर अंबराने सुलतानाला व त्या बेगमेला विष घालविले. १६१० मध्ये सुलतान मरण पावला आणि त्याचा अजाण मुलगा गादीवर आला हे खरेच आहे. ज्याला आपला राजा म्हणून गादीवर बसविले त्याचा असा शेवट झाला; पुढे शहाजीराजांसारखा शूर सरदारही मतभेदामुळे काही काळ विजापुरी चाकरीत गेला. अंबर कठोर होता आणि सत्तेच्या बाबतीत कोणाचाही मुलाहिजा ठेवणारा नव्हता. पण त्या डच वृत्तांतातून आणखी एक सत्य डोकावते. राज्याचा सर्वाधिकारी झाल्यावरही गुलामीचा डाग त्याच्या लेकीपर्यंत येऊन पोहोचला होता. विकला गेलेला माणूस मुक्त झाला, तरी लोकांच्या जिभेवर तो विकलेलाच राहतो.

१६२६ च्या मे महिन्यात, सुमारे ऐंशी वर्षांच्या वयात, अंबर मरण पावला. खुलताबाद येथे त्याने स्वतःच बांधून ठेवलेल्या घुमटात तो चिरविश्रांती घेत असून शेजारीच त्याची पत्नी बीबी करीमा हिची कबर आहे. मोगल दरबारातील इतिहासकार मुतमदखान याने त्याच्या मृत्यूची नोंद करताना, युद्धात, हुकमतीत आणि कारभारात त्याची बरोबरी करणारा कोणी नव्हता, अशा आशयाची कबुली दिली. शत्रूची ही कबुली बादशहाच्या शिव्यांपेक्षा अधिक टिकली. अंबरामागे त्याचा पुत्र फत्तेखान याला बापाची योग्यता नव्हती. १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांनी घेतले आणि शहाजीराजांनी एका बालराजाच्या नावे केलेल्या धडपडीनंतर १६३६ मध्ये निजामशाही बुडाली. दरम्यान १६३० मध्ये शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला होता.

राज्य बुडाले, वंश मागे पडला. मग मलिक अंबराचा वारस कोण, हा प्रश्न उरतो. मराठ्यांनी त्याला परका मानावे, मोगलांच्या बखरकारांनी शत्रू मानावे आणि त्याच्या मायदेशाला त्याची वार्ताही नसावी, अशी त्याची दीर्घकाळ स्थिती होती. विसाव्या शतकात जोगेंद्रनाथ चौधरी, राधेश्याम आणि भा. ग. तामसकर या अभ्यासकांनी त्याच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिले. योगायोग असा की, अंबराच्या मृत्यूनंतर बरोबर तीनशे वर्षांनी, फेब्रुवारी १९२६ मध्ये, अमेरिकेत कार्टर वुडसन या कृष्णवर्णीय इतिहासकाराने आपल्या समाजाच्या इतिहासाचा सप्ताह साजरा करण्याचा प्रघात सुरू केला. वुडसनचे आईबाप गुलामीत जन्मले होते आणि त्याने स्वतः १९१२ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली होती. ज्या जातीजमातीचा इतिहास लिहिला जात नाही ती जगाच्या विचारातून पुसली जाते, अशी त्याची धारणा होती. ओहायोतील केंट राज्य विद्यापीठाच्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी १९७० मध्ये त्या सप्ताहाचा महिना केला, आणि १९७६ पासून त्याला अमेरिकेत सरकारी मान्यता मिळाली. कृष्णवर्णीयांच्या वारशाचा हा उत्सव अशा रीतीने विद्यापीठाच्या आवारातून देशभर पसरला. पुढे या अभ्यासाची कक्षा हिंदी महासागरापर्यंत वाढली. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या शोम्बर्ग केंद्राने हिंदुस्थानातील आफ्रिकी लोकांवर प्रदर्शन भरविले, तेव्हा मलिक अंबराला त्यात मानाचे स्थान मिळाले.

मराठी मनाला हा धागा अगदीच अपरिचित नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये गुलामगिरी हा ग्रंथ लिहून अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीशी येथील शूद्रातिशूद्रांचा प्रश्न जोडला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीयांचे पुढारी व विद्वान डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला होता. बाबासाहेबांनी १९५० मध्ये महाविद्यालयासाठी शहर निवडले तेही अंबराने वसविलेलेच. तेथे १९५८ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाला, दीर्घ आणि रक्तलांछित संघर्षानंतर, १४ जानेवारी १९९४ रोजी डॉ. आंबेडकरांचे नाव जोडले गेले. एका गुलामाने वसविलेल्या नगरीत, अस्पृश्य म्हणून हिणविल्या गेलेल्या महापुरुषाच्या नावाचे विद्यापीठ उभे आहे. या दोन नावांना जोडणारा इतिहास विद्यार्थ्यांपुढे मांडण्यास याहून योग्य स्थळ शोधूनही सापडणार नाही. २०२६ मध्ये अंबराच्या मृत्यूला चारशे वर्षे होतात; त्याच्या स्मृतीची दखल दूरच्या विद्यापीठांनी घ्यावी आणि त्याच्या नहरीचे पाणी प्यालेल्या भूमीने मात्र घेऊ नये, हे शोभणारे नाही.

बैहरच्या पठारावर गोंड आणि बैगा लोक पिढ्यानपिढ्या नांदत आले आहेत. त्यांचाही इतिहास बव्हंशी इतरांनी, आणि तोही त्रोटकच, लिहिला. म्हणून येथील वाचकाला अंबराच्या चरित्राचे मर्म चटकन उमगावे. अंबराने स्वतःविषयी आत्मवृत्त लिहून ठेवले नाही. त्याची माहिती मिळते ती शत्रूच्या तवारिखांतून, परदेशी व्यापाऱ्यांच्या टिपणांतून, एका संस्कृत कवीच्या काव्यातून आणि डोंगराच्या पोटातून नेलेल्या पाण्याच्या वाटेवरून. हे विखुरलेले तुकडे एकत्र ठेवण्याचे काम राजवाड्यांनी केले नाही. ते केले ग्रंथालयांनी आणि संग्रहालयांनी. चापू या नावाचा मुलगा कोणत्या गावचा होता हे जगाला सांगणारे कोणी उरले नाही. परंतु मलिक अंबर कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर मराठी वाचकाच्या हाती आहे, आणि ज्या ग्रंथालयाच्या कपाटात त्याचे चरित्र आहे, तेथे ते शोधण्यास विलंब लागणार नाही.